विज्ञानाच्या तासाला वर्ग गप्प का?

नंदुरबार जिल्ह्यात विज्ञानाच्या तासाला वर्ग अगदी शांत असेल, तर त्या शांततेचे कारण शोधायला हवे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरात भिली किंवा पावरी, नवापूरकडे मावची. अशा घरातले मूल वर्गात ‘उदासिनीकरण’ ऐकते, तेव्हा समजले नाही हे सांगायलाही त्याला शाळेची भाषा अपुरी पडते. ते गप्प बसते आणि आपण त्याला शिस्त म्हणतो. भाषेची ही अडचण नवी नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले. पुढे पाठ्यपुस्तकातली भाषा सोपी केली की मुलांचे विज्ञान सुधारते, हे केंद्राच्या व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

म्हणूनच विज्ञानाच्या वर्गाचे नियंत्रण म्हणजे तोंडे बंद ठेवणे नव्हे, तर हातांना काम वाटून देणे, असे माझे ठाम मत आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान उपक्रमात चार-चार मुलांचे गट स्वतः प्रयोग करत. आपल्याकडेही हे जमण्यासारखे आहे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या घ्या. एकाने साहित्य आणायचे, दुसऱ्याने साबणाच्या पाण्याचा थेंब टाकायचा, तिसऱ्याने नोंद करायची, चौथ्याने शेवटी सगळे धुऊन जागेवर ठेवायचे. पिवळी पट्टी लालसर होते, त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. हे का झाले, यावर गटात पावरीत वाद होऊ द्यावा. शिक्षकाला पावरी येत नसली तरी बिघडत नाही. शेवटची दहा मिनिटे राखून मुलांनी जे पाहिले त्याला मराठी शब्द द्यावेत आणि ते फळ्यावर लिहावेत. पाहिलेल्या गोष्टीचे नाव लक्षात राहते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पोर्शन कसा संपणार? प्रयोगाला वेळ लागतो, हे खरेच. पण न समजलेला धडा परीक्षेपूर्वी पुन्हा शिकवावा लागतो, तो वेळ कुणी मोजत नाही. प्रत्येक धड्याला प्रयोग हवा असेही नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पन्नास-साठ मुलांच्या हाती काच, आम्ल आणि स्पिरिटचा दिवा कसा द्यायचा? तो देऊच नये. आम्ल आणि ज्योत शिक्षकाच्या टेबलावरच राहावी. मुलांना हळद, चुना, लिंबू, भिंग, चुंबक पुरे. साहित्य वाटण्याआधी सूचना द्याव्यात, कारण हातात वस्तू आल्यावर कुणी ऐकत नाही. टाळी वाजली की हात खाली, हा एक नियम पहिल्या आठवड्यात पक्का करून घ्यावा. गोंधळ होतो तो बहुधा रिकाम्या हातांमुळे. अर्थात, एकट्या शिक्षकाला एवढा वर्ग पेलणे अवघड आहे. त्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलून शासनाला मोकळे होता येणार नाही.

आणखी एक भीती असते, वर्गातला आवाज ऐकून मुख्याध्यापक किंवा तपासणीला आलेले साहेब काय म्हणतील, ही. ती घालवणे पालकांच्या हाती आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढे जरूर विचारा: या महिन्यात आमच्या मुलांनी स्वतःच्या हाताने कोणते प्रयोग केले?