उणे एक म्हणजे काय?

ड्रायव्हर म्हटले की आमच्या मुरबाडकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एस.टी.च उभी राहते. येथे मात्र ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, राहून कॅमेरा, प्रिंटर, पेन ड्राइव्ह यांच्याशी बोलणारा प्रोग्रॅम. मी कला शाखेचा विद्यार्थी. हे सारे मला शहापूरच्या मावसभावाने त्याच्या संगणकावर दाखविले. प्रश्न साधाच आहे. सांगितलेले काम झाले नाही, तर ड्रायव्हरने उत्तर काय द्यावे?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवलेल्या लिनक्स कर्नलमध्ये संकेत असा की, काम झाले तर शून्य आणि फसले तर उणे आकडा. शून्य मिळवून पास होणे आपणा विद्यार्थ्यांना नवलाचे वाटेल! पण होकाराला एकच आकडा पुरतो, नकाराला कारणे अनेक. उणे १२ म्हणजे मेमरीत जागा नाही, उणे १९ म्हणजे असे उपकरणच नाही, उणे २२ म्हणजे दिलेली माहिती गैरलागू. उणे अशासाठी की, किती बाइट वाचले हे अधिक आकड्यात कळवायचे असते.

घाईत लिहिणारा ‘काहीतरी बिघडले’ एवढ्याच अर्थाने उणे १ धाडून मोकळा होतो. पण तो आकडा मोकळा नाही; त्याचा ठरलेला अर्थ ‘परवानगी नाही’ असा आहे. कमी पडलेली असते मेमरी, आणि वापरणारा बिचारा परवानग्या तपासत बसतो.

सर्वांत बोलका आकडा उणे ५१७. हा २०१२ मध्ये आला. संगणक सुरू होताना कॅमेऱ्याचा ड्रायव्हर तयार असतो, पण त्याला वीज पुरविणारा दुसरा ड्रायव्हर अजून जागा झालेला नसतो. तेव्हा तो उणे ५१७ म्हणतो : आत्ता नाही, मागाहून हाक मारा. कर्नल त्याला रांगेत ठेवते व पुन्हा बोलावते. मधल्याच कोणी हा आकडा बदलून वर उणे १९ कळविला, तर पुन्हा हाक येत नाही. कॅमेरा धडधाकट, पण संगणकाच्या लेखी नाहीच.

माझ्या शिष्यवृत्तीच्या एका दाखल्यासाठी वडील एका कार्यालयात तीनदा गेले. दर खेपेस एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी. उत्तर एकच : ‘होणार नाही.’ सही करणारे साहेब रजेवर आहेत, हे तिसऱ्या खेपेस शिपायाने सांगितले. अर्ज बिनचूक होता. उणे ५१७ च्या जागी त्यांना दोनदा उणे १ मिळाला होता.

एक पोटनियम सांगायचा राहिला. ‘उपकरण जोडले आहे का?’ असा नुसता प्रश्न असेल, तर होयला १ आणि नाहीला शून्य. म्हणजे शून्याचा अर्थ येथे उलटतो. म्हणून कर्नलच्या लेखननियमांत म्हटले आहे की, फंक्शनच्या नावावरूनच ते काम करणारे की प्रश्न विचारणारे, हे कळले पाहिजे. मावसभाऊ दुसऱ्याचा कोड वाचताना आधी नाव पाहतो, मग थेट शेवटच्या ओळीवर जाऊन काय परत केले ते पाहतो. मधले सारे त्यानंतर.