‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका

दोन वर्षे उलटली तरी मुलगा एकही शब्द बोलत नाही आणि घरची मंडळी निर्धास्त असतात, असे दवाखान्यात वरचेवर पाहतो. ‘‘मुलगा आहे हो डॉक्टर, मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला,’’ असे आजी ठासून सांगतात. आजींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मुली सरासरीने थोड्या आधी बोलू लागतात. पण हा फरक फार तर महिना-दोन महिन्यांचा, वर्षाचा नव्हे!

वर्षाच्या सुमारास मूल ‘आई’, ‘बाबा’ असा एखादा शब्द समजून बोलते. दोन वर्षांचे झाले की ‘दूध दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडते. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल तर, मुलगा असो वा मुलगी, प्रथम कान तपासून घ्यावेत. ‘कुकरची शिट्टी झाली की दचकतो, म्हणजे ऐकू येते’ असे समजू नये. मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नसतील, तर ते शब्द शिकणार कसे? ‘बेरा’ नावाची तपासणी मूल झोपलेले असताना करतात. ती मुळीच दुखत नाही. हाक मारल्यावर मूल पाहत नसेल, नजर देत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे तपासणी पथक अंगणवाडीत येते. सेविकेला तारीख विचारून ठेवावी.

मुलींच्या बाबतीत अशीच सबब वजनाला लावतात. ‘पोरीची चण नाजूकच.’ जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांचे व मुलींचे वाढीचे तक्ते वेगवेगळे दिले. त्यांत वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो, तर मुलीचे ८.९ किलो आहे. फरक पाऊण किलोचाही नाही. वर्षाची मुलगी ७ किलोच्या खाली असेल, तर मुलींच्याच तक्त्याप्रमाणे ती कमी वजनाची ठरते. अशा वेळी तिच्या ताटात काय पडते, किती वेळा पडते आणि भावाच्या आधी की नंतर, हे मी विचारतो. प्रश्न आवडत नाही, तरी विचारतो. (तापाचेही तेच. मुलाला पहिल्याच दिवशी आणतात, मुलीला बहुधा तिसऱ्या.)

दवाखान्यात येताना अंगणवाडीचे कार्ड बरोबर आणावे. एका दिवसाच्या वजनावरून फारसे कळत नाही. मागच्या तीन-चार महिन्यांत रेघ वर चढते आहे की आडवी झाली आहे, ते त्यावर दिसते.