शिवडी ख्रिस्ती दफनभूमी

शिवडी ख्रिस्ती दफनभूमी ही मुंबईच्या पूर्व किनाऱ्याजवळील शिवडी येथे असलेली ब्रिटिशकालीन दफनभूमी आहे. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, १८६५ मध्ये, ती मुख्यतः युरोपीय रहिवाशांसाठी स्थापन झाली. आजही ती वापरात आहे.

पार्श्वभूमी

इंग्रजांची मुंबईतील सुरुवातीची दफनभूमी किल्ल्याच्या दक्षिणेस मेंढॅम्स पॉइंट येथे होती. अठराव्या शतकात ती बॅक बेच्या काठी सोनापूर येथे हलवण्यात आली. हिंदूंची स्मशानभूमीही याच परिसरात असल्याने मुंबईच्या बोलीत ‘सोनापूर’ हा शब्द स्मशानाचा वाचक बनला. कालांतराने वस्ती सोनापूरलाही भिडली. कुजणाऱ्या पदार्थांपासून निघणाऱ्या दूषित वाफांमुळे रोग पसरतात, अशी त्या काळातील वैद्यकाची समजूत होती. त्यामुळे दफनभूमी वस्तीबाहेर, मोकळ्या व वृक्षाच्छादित जागी असावी, हा विचार युरोपात रुजला. पॅरिसमधील पेर लाशेझ (१८०४) आणि लंडनमधील केन्सल ग्रीन (१८३३) ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत.

जागेची निवड

त्या वेळी शिवडी हे शहराबाहेरील, खाडीकाठचे गाव होते. दफनभूमीच्या जागी पूर्वी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचे उद्यान होते. सोसायटीचे उद्यान भायखळ्यास हलवण्यात आले व १८६२ मध्ये ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने खुले झाले. तेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, अर्थात राणीची बाग होय.

उल्लेखनीय दफने

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स (१८४७–१९००): व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) आणि मुंबई महापालिकेचे मुख्यालय यांचे वास्तुरचनाकार.

फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२): गोव्यात जन्मलेले चित्रकार, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य.

डॉम मोराइस (१९३८–२००४): इंग्रजी कवी. त्यांच्या इच्छेनुसार येथील थडग्याची माती इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील ऑडकोम्ब या गावी नेण्यात आली.

सद्यस्थिती

वस्तीपासून दूर म्हणून निवडलेली ही जागा आता दाट शहरी वस्तीने वेढली गेली आहे. शिवडीहून नवी मुंबईच्या दिशेने जाणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. जागेची टंचाई ही मुंबईतील ख्रिस्ती दफनभूमींपुढील मुख्य अडचण आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी ठरावीक काळानंतर अस्थी काढून भिंतीतील कोनाड्यांत ठेवतात आणि तीच जागा पुन्हा वापरतात. ज्यांचे वारस भारतात राहिले नाहीत, अशा युरोपीय कुटुंबांच्या थडग्यांची देखभाल हा वेगळा प्रश्न आहे. थडग्यावरील नाव, वय, व्यवसाय व मृत्यूचे कारण यांच्या नोंदी सामाजिक इतिहासाचे साधन ठरतात. लेख झिजला की हे साधनही नष्ट होते.