बांधावरचं झाड रक्तचंदन की बिजा?

पुसदकडच्या त्या झाडाची गोष्ट एव्हाना विदर्भात सगळ्यांना पाठ झाली आहे. रेल्वेमार्गात गेलेलं, रक्तचंदन समजलं गेलेलं एक झाड, त्याच्या मोबदल्यापोटी रेल्वेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात भरलेले 1 कोटी रुपये, त्यातले 50 लाख उचलायची शेतकऱ्याला मिळालेली मुभा, आणि शेवटी बंगळुरूच्या लाकूडतज्ज्ञांचा निर्वाळा: हे रक्तचंदन नाही, बिजा आहे. किंमत काही हजार.

जालना-खामगाव रेल्वेची वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या सिंदखेडराजा तालुक्यात, आमच्या साखरखेर्ड्याकडेही, ही बातमी वाचून कोणी बांधावरची जुनी झाडं निरखली असतील तर नवल नाही.

गफलत होण्याजोगीच आहे. दोन्ही झाडं शेंगावर्गातली, एकाच वंशातली. साल खरवडली की दोघांतूनही लाल डिंक पाझरतो. शेंगही सारखीच, चपटी, गोल, कडेला कागदासारखा पातळ पंख. म्हणून आधी पान बघावं. रक्तचंदनाच्या पानाला बहुधा तीन गोलसर पर्णिका असतात. बिजाला पाच ते सात, लांबट आणि टोकाशी किंचित खाचलेल्या. त्याच्या लाकडाची ढलपी पाण्यात भिजत घातली की उजेडात पाणी निळसर झाक मारतं. मधुमेहावर म्हणून विकले जाणारे लाकडी पेले याच झाडाचे. रक्तचंदनाचा गाभा इतका जड की पाण्यात बुडतो, आणि ‘चंदन’ असूनही त्याला सुवास नाही.

रक्तचंदनाचं खरं घर फार लहान आहे. आंध्रच्या किनारपट्टीमागची कडप्पा, तिरुपती, नेल्लूर भागातली कोरडी डोंगररानं, शेषाचलम आणि वेलिकोंडा. तिथल्या खडकाळ, निचऱ्याच्या जमिनीत ते दशकानुदशकं सावकाश गाभा धरतं. 1995 पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, तरी चोरटी तोड थांबली नाही. 7 एप्रिल 2015 रोजी शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात वीस लाकूडतोडे मेले. रक्तचंदनाच्या तस्करीवरचा ‘पुष्पा’ चित्रपट पाहून आपण टाळ्या वाजवल्या, त्या माणसांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत.

तेव्हा पाणी धरून ठेवणाऱ्या, कपाशीच्या काळ्या रानात रक्तचंदनाची रोपं लावून पंधरा वर्षांत कोट्यधीश व्हा, असं कोणी सांगत असेल तर त्याला आधी त्याच्याच हातचं, आपल्यासारख्या जमिनीत वाढलेलं आणि विकलं गेलेलं एक झाड दाखवायला सांगा.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. बिजा ठरताच पुसदकडचं ते झाड सगळ्यांच्या नजरेतून उतरलं. मेळघाटात उभा असलेला हा वृक्ष उत्तम इमारती लाकडाचा, औषधी आणि आपल्या मातीतला. झाडतोडीच्या 1964 च्या राज्य कायद्यातही त्याचं नाव आहे, म्हणजे स्वतःच्या शेतातला बिजासुद्धा परवानगीशिवाय पाडता येत नाही. भूसंपादनाच्या वेळी मात्र त्याचं मोल फक्त घनफुटात होतं. एवढ्या जुन्या झाडाची सावली, बी आणि मुळांनी धरलेली माती पंचनाम्याच्या कोणत्या रकान्यात लिहायची, हे महसूल आणि वन खात्याने आता तरी ठरवायला हवं, आणि तेही पुढच्या रेल्वेमार्गाची मोजणी सुरू होण्याआधी.