मेहनत एकाची, अमानत दुसऱ्याची

४ जानेवारी १९६७. इंग्लंडच्या कॉनिस्टन तलावात डोनाल्ड कॅम्पबेल यांची जेट इंजिनाची स्पीडबोट ‘ब्ल्यूबर्ड’ ताशी ३०० मैलांच्या वेगात उलटली आणि त्यांच्यासह तळाला गेली. २००१ मध्ये ती वर काढली. कॅम्पबेल कुटुंबाने ती गावच्या रस्किन म्युझियमला दिली.

स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे विनामोबदला खपून चेमटलेले पत्रे सरळ केले, शक्य तेवढे मूळ भागच पुन्हा बसवले. निकामी इंजिनाच्या जागी दुसरे ऑर्फियस आले. आपल्या हवाई दलाच्या नॅट विमानांत असे त्याच जातीचे. २०१८ मध्ये बोट स्कॉटलंडच्या पाण्यावर पुन्हा धावली.

मग वाद उठला : नवे भाग कुणाचे? घडवणाऱ्यांचे की म्युझियमचे? तो मिटून बोट कॉनिस्टनला परतायला २०२४ उजाडले.

आपल्याकडेही एक भाऊ वडिलांच्या घरावर नवी कौले चढवतो आणि वाटणीच्या वेळी अबोला सुरू होतो. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आम्हाला वाटते, भावाभावांतही तीच रीत हवी. पहिले कौल चढण्याआधी खर्च कुणाचा, हक्क कुणाचा, हे कागदावर येऊ द्या.