वावर किती, कर्ज किती? पोटगीच्या खटल्यात कागद मांडलाच पाहिजे

‘माह्याजवळ काही नाही, साहेब. वावर बापाच्या नावावर हाये, अन् यंदा कापूसही गेला.’ पोटगीच्या अर्जावर शेतकरी नवऱ्याचे हे उत्तर आले की बायकोपुढे मोठा प्रश्न उभा राहतो. दोन-चार वर्षे ज्या घरात राबलो, त्या घरात पैसा येतो कुठून हे तिला ठाऊक असते, पण हातात कागद नसतो. सातबारा सासऱ्याकडे, पासबुक नवऱ्याकडे, कापसाच्या पट्ट्या कपाटात आणि ती लेकरू घेऊन माहेरी. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिंतामणीच्या कळंबसारख्या तालुक्यात, जिथे बहुतेक घरांचे पोट कापूस, तूर आणि सोयाबीनवर चालते, तिथे ही अडचण आणखी बिकट होते. नोकरदाराचे पगारपत्रक असते. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने कित्येक शेतकऱ्यांना विवरणपत्र भरावेच लागत नाही.

यावर कायद्याने उत्तर शोधले आहे, आणि ते ज्या खटल्यातून आले तो आपल्या विदर्भातलाच आहे.

नागपूरचा खटला, देशाचा नियम

‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नावाने आज देशभरातल्या कोर्टांत ज्या निकालाचा दाखला दिला जातो, त्याची सुरुवात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात झाली. बाळ झाल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी 2013 मध्ये पत्नी सासरहून निघाली. सप्टेंबर 2013 मध्ये तिने अंतरिम पोटगीचा अर्ज केला. पत्नीला महिना 15 हजार आणि मुलाला आधी 5 व नंतर 10 हजार रुपये देण्याचा आदेश झाला तो ऑगस्ट 2015 मध्ये. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत असा अर्ज निकाली काढावा, असे कायदा सांगतो. इथे जवळजवळ दोन वर्षे गेली. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट 2018 मध्ये पतीचे आव्हान फेटाळले आणि प्रकरण दिल्लीला पोहोचले.

आपल्याला काम नाही, स्थावर मालमत्ता नाही आणि चालू बँक खाते एकच आहे, असे पतीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याकडून 2005-06 पासूनची आयकर विवरणपत्रे आणि पासपोर्टची प्रत मागवली. 4 नोव्हेंबर 2020 रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. थकबाकी 12 आठवड्यांत भरण्याचा आदेश तर झालाच, शिवाय देशातल्या प्रत्येक पोटगी प्रकरणासाठी नियम घालून दिले गेले.

त्यातला पहिला नियम असा की, पती आणि पत्नी या दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र कोर्टात दाखल करायचे. अर्जदाराने ते अर्जासोबतच द्यायचे. समोरच्याने उत्तरासोबत, जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचे. मुदतवाढ दोनपेक्षा जास्त वेळा मागता येत नाही. त्यानंतरही कोणी जाणूनबुजून टाळाटाळ केली, तर त्याचा बचावच रद्द करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. शपथपत्रे आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, हेही त्याच निकालात ठरले. म्हणजे कागद दडवून तारखा वाढवणाऱ्याला त्या वेळकाढूपणाचा फायदा मिळायला नको.

शेतकऱ्याचा वेगळा नमुना

कळंबच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट या निकालाच्या जोडपत्रांत आहे. शेती न करणाऱ्या नोकरदार-व्यावसायिकांसाठी एक नमुना आहे आणि शेती करणाऱ्यांसाठी दुसरा, स्वतंत्र. त्यात जमीन किती, कुठे, कोरडवाहू की ओलिताची, त्यात आपला हिस्सा किती, कोणती पिके घेता, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न काय, असे विचारले आहे. दुसऱ्याचे वावर बटईने किंवा मक्त्याने केले असेल तर तेही सांगायचे. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती आणि त्यांपासून काय मिळते, जमिनीवर कर्ज किती, उत्पन्नाचे आणखी काही साधन आहे का, हे सारे शपथेवर लिहायचे.

‘वावर बापाच्या नावावर’ हे उत्तर तिथे पुरत नाही, कारण नमुना हिस्साही विचारतो. जमीन वडिलोपार्जित असेल आणि वाटणी झाली नसेल, तर नवऱ्याचा त्यातला हक्क कोर्टापुढे आलाच पाहिजे. नोटीस आल्यावर घाईने बक्षीसपत्र करून वावर भावाच्या नावे केले, तर त्याची नोंद फेरफारात तारखेसह सापडते.

शपथपत्र खरे की खोटे, हे पडताळायला गावातच पुरावे असतात. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतात. पेरा काय होता, ते पीक पाहणीच्या नोंदीत दिसते. बाजार समितीत माल विकला की हिशोबपट्टी होते. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) दिलेल्या कापसाचे पैसे बँक खात्यात येतात. पीएम किसानचे हप्ते, पीकविमा, पीककर्ज, सोसायटीचे देणे, सगळ्याचा माग बँकेच्या उताऱ्यात असतो. समोरचा हे देत नसेल, तर बँकेकडून किंवा कार्यालयातून कागद मागवावेत असा अर्ज वकिलामार्फत कोर्टाला करता येतो. जी गोष्ट फक्त एकालाच माहीत असते, ती सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व इथे बायकोच्या कामी येते. शपथेवर खोटे लिहिणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी कोर्ट वेगळी कारवाई सुरू करू शकते.

प्रामाणिक माणसाचे रक्षण

हा नियम नवऱ्यांच्या विरोधात आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. यवतमाळ जिल्ह्याला नापिकी आणि कर्ज म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ज्याचे वावर खरोखर पिकले नाही, ज्याच्यावर म्हाताऱ्या आईबापाची जबाबदारी आहे, त्यालाही आपली बाजू मांडायची हीच जागा आहे. देणी लिहायला नमुन्यात स्वतंत्र रकाना आहे. अंदाजाने लादलेल्या रकमेपेक्षा कागदावरून ठरलेली रक्कम त्यालाही झेपेल. पत्नीनेही शिक्षण, नोकरी, मजुरी, आधी मिळालेली पोटगी, काहीच लपवायचे नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे आणि रोजमजुरांना या शपथपत्रातून सूट आहे, हाही शहाणा विचार आहे.

इतर देशांतही हाच दंडक आहे. इंग्लंडमध्ये घटस्फोटात संपत्तीची वाटणी करताना दोघांना ‘फॉर्म ई’वर सगळी माहिती द्यावी लागते. पतीने संपत्ती लपवली म्हणून आधी झालेल्या तडजोडी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली पुन्हा उघडायला लावल्या.

आपल्याकडे नियम आहे, अंमल ढिला आहे. 6 नोव्हेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाला आपलाच निकाल पुन्हा सर्व उच्च न्यायालयांकडे पाठवण्याचा आदेश द्यावा लागला, कारण खालच्या कोर्टांत शपथपत्रांविनाच पोटगी ठरत होती. पोटगी ही कोणाची मेहेरबानी नाही. लेकराच्या दुधाचा, शाळेचा, औषधाचा तो हिशेब आहे, आणि आकडे लपवून केलेला हिशेब लेकराच्याच तोंडचा घास काढतो.

म्हणून खटल्याच्या वाटेवर असलेल्या प्रत्येक बहिणीला आणि तिच्या माहेरच्यांना सांगणे आहे. नुसते ‘तारीख काय पडली’ एवढे विचारून परतू नका. शेतकऱ्यांसाठीचा शपथपत्राचा नमुना वकिलांना मागा, तो समोरच्याकडून दाखल झाला का ते विचारा आणि सातबारा, आठ-अ आजच काढून ठेवा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नाही.