मांजराचे दात साफ करायचे की नाही? एका साध्या प्रश्नाची उकल

दिवाळीत खांडबाऱ्याला घरी गेलो, तर आईने विचारलं, "एवढं संशोधन करतोस, मग सांग, मनीचे दात डॉक्टरकडून साफ करून घ्यायचे का?" मनी 11 वर्षांची. तोंडाला वास येतो, दाढांवर तपकिरी थर आहे. आमच्याकडे जनावराचे दात बघतात ते बैल दोनदाती की चारदाती हे ठरवायला. मांजराच्या दातांचा विचार कोण करतो? पण प्रश्न पक्का संशोधनाचा आहे. तुम्हीही सोबत सोडवून बघा.

आपण नेमकं काय मोजतोय?

दातांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो. लाळेतल्या खनिजांमुळे तो काही दिवसांतच कडक होतो, तेच कीटण. पण खरा आजार हिरडीच्या कडेखाली वाढतो. त्यामुळे कीटण भरपूर आणि आजार सौम्य, किंवा याच्या उलटही असू शकतं. म्हणजे कीटण हा फक्त दर्शक आहे, आजार नव्हे. दर्शकालाच मूळ गोष्ट समजणं ही संशोधनातली नेहमीची चूक.

त्यापेक्षा उपयोगी खुणा अशा: हिरडीच्या कडेला लाल रेघ, रक्त येणं, लाळ गळणं, एकाच बाजूने चावणं, घास तोंडातून पडणं. "जेवते की ती!" हा पुरावा नाही. मांजर दुखणं लपवतं आणि दुखत असतानाही खातं.

न दिसणारा भाग

मांजरांमध्ये दात विरघळण्याचा एक आजार बराच आढळतो. शरीराच्याच पेशी दात पोखरतात. कारण अजून पक्कं ठरलेलं नाही. मुळाकडचं नुकसान एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि दातांचा एक्स-रे काढायला भूल लागते. गंमत बघा, "साफसफाईची गरज आहे का" याचं पूर्ण उत्तर भूल दिल्यावरच मिळतं! जागेपणी वरवर खरवडलं तर दात चकचकीत दिसतात, पण हिरडीखालचं तसंच राहतं.

मग भुलीचा धोका किती?

ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 दरम्यान सुमारे 79,000 मांजरांचा अभ्यास झाला. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. भूल किंवा गुंगीशी संबंधित मृत्यू 0.24 टक्के, म्हणजे साधारण 400 मध्ये एक. पण इथे थांबू नका. निरोगी मांजरांत हे प्रमाण 0.11 टक्के होतं, आजारी मांजरांत 1.4 टक्के. म्हणजे बारापटीहून जास्त फरक! सरासरी आकडा यापैकी कुणालाच नीट लागू होत नाही. शिवाय यात सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रिया आहेत, फक्त दातांच्या नाहीत, आणि दवाखाने तिकडचे आहेत. आकडा उचलण्याआधी "हा कोणाचा आकडा?" हे विचारायलाच हवं.

आता दुसरं पारडं. हिरडीची नुसती सूज असेल तर ती उपचाराने पूर्ण बरी होते. पण दाताभोवतीचं हाड एकदा झिजलं की ते आपोआप भरून येत नाही. म्हणजे थांबण्यालाही किंमत आहे. "काहीच न करणं" हाही एक निर्णयच.

घरी काय ठरलं?

नुसतं थोडं कीटण असतं, तर वर्षातून एकदा तपासणी आणि मांजरांच्या पेस्टने रोज ब्रश (माणसांची पेस्ट नाही!) एवढं पुरलं असतं. पण मनीच्या हिरडीला लाल रेघ होती आणि तीन दिवस लक्ष ठेवल्यावर दिसलं की घास डावीकडूनच पडतो. म्हणून आधी रक्ततपासणी, विशेषतः मूत्रपिंडांची, कारण या वयात ती "निरोगी" गटात आहे की "आजारी" हे तिथूनच कळेल. मग भुलीचा निर्णय.

सुरतेच्या गाडीत बसण्याआधी फोनवर तीन प्रश्न विचारले: दातांचा एक्स-रे निघतो का? भुलीत श्वासनलिकेत नळी घालता का? नाडी-श्वास-तापमान बघायला वेगळा माणूस असतो का?

आई म्हणाली, "म्हणजे हो की नाही?" म्हटलं, "रिपोर्ट चांगला आला तर हो." आईला हे अर्धवट वाटलं. पण कोणत्या माहितीने उत्तर बदलेल, हे आधीच ठरवून ठेवणं म्हणजेच तर आपलं काम.